कोपऱ्यावरचा नवा भिडू

पावसाळा ओसरून मैदाने वाळू लागली, की मीरा-भाईंदरच्या जुन्या गावठाणांतील, आणि एकंदरीतच ठाणे जिल्ह्यातील, कबड्डी मंडळांच्या कारभाऱ्यांपुढे दरसाल एक प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न चढाईपटूंचा नसतो, कारण चांगल्या चढाईपटूला शोधावे लागत नाही. तो पहिल्याच संध्याकाळी दोन गडी टिपून मध्यरेषेवर परततो आणि आपली ओळख आपणच पटवून देतो. प्रश्न असतो कोपऱ्यावर किंवा मध्यरक्षकाच्या जागी उभ्या राहणाऱ्या नव्या पकडपटूचा. गेल्या साली कुमार गटात खेळलेला, अंगाने भरलेला पण मोठ्यांच्या खेळात अद्याप कसास न लागलेला हा मुलगा यंदा डावा कोपरा सांभाळू शकेल काय, आणि त्याला तो सांभाळता आला नाही, अथवा ठरलेला कोपरारक्षकच ऐन हंगामात जायबंदी झाला, तर त्याच्या मागे कोण, या दोन प्रश्नांचा निकाल हंगामापूर्वीच्या मोजक्या सराव-सामन्यांत लावायचा असतो. तो निकाल आपल्याकडे बहुधा चुकीच्या पुराव्यावर लावला जातो आणि त्यापायी कित्येक गुणी मुले पहिल्याच वर्षी बाजूला पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे तपशीलवार मांडण्यासाठी हा लेख.

मीरा-भाईंदर म्हटले, की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे विरारकडे धावणाऱ्या गाड्या आणि इमारतींच्या रांगा येतात, आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या व २०११च्या जनगणनेत ८ लाखांवर लोकसंख्या गेलेल्या या शहराच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे. परंतु राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, गोडदेव, घोडबंदर, डोंगरी, उत्तन ही गावे या शहराच्या कितीतरी आधीची आहेत. मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर जगलेल्या आगरी-कोळी समाजाची ही वस्ती, आणि ठाणे-रायगडच्या या पट्ट्यात कबड्डी हा गावकीच्या इभ्रतीचा खेळ मानला जातो. वसईची खाडी ओलांडली, की पालघर जिल्हा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो ठाण्यातून वेगळा निघाल्यापासून खाडीच्या अलीकडचा मुलगा ठाण्याकडून आणि पलीकडचा पालघरकडून निवडीस उभा राहतो. ठाण्याच्या वाट्यास आलेला वारसा लहान नाही. डाव्या कोपऱ्यावरची ज्याची पकड देशभर नावाजली गेली, तो गिरीश इरनाक याच जिल्ह्यातील कल्याणचा. जानेवारी २०१८मध्ये हैदराबादला सेनादलाला ३४–२९ असे नमवून महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, त्या संघाच्या बचावाचा तो एक आधार होता, आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही त्याची निवड झाली होती.

आता मैदानाची आखणी क्षणभर नीट पाहू, कारण कोपऱ्याचे दुःख आणि कोपऱ्याचे माहात्म्य दोन्ही त्या आखणीतून निघतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्यातील दोन्ही बाजूंची एकेक मीटर पट्टी ही लॉबी, आणि झटापट सुरू झाल्याखेरीज तिच्यात पाय टाकता येत नाही, म्हणजे सात जणांना उभे राहण्यास मिळते ती ८ मीटर रुंदी. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे आणखी एका मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत राहते ती अवघी १.७५ मीटरची पट्टी. कोपरारक्षकाचा बहुतेक वेळ जातो तो या पट्टीच्या टोकाला. मागे सरकावे तर अंतिम रेषेबाहेर पाय जाऊन तो स्वतःच बाद होतो, बाजूला सरकावे तर लॉबी, आणि पुढे सरकावे तर चढाईपटूचा हात पोचतो. अशा अडचणीच्या जागी उभे राहून त्याला ३० सेकंदांच्या चढाईत एका माणसाची कंबर, पाय आणि श्वास यांच्यावर नजर रोखून धरायची असते.

डावा कोपरा, डावा आतला, डावा मध्यरक्षक, मधला, उजवा मध्यरक्षक, उजवा आतला आणि उजवा कोपरा, अशी ही सात जणांची फळी असते. यांतले आतले दोघे आणि मधला हे पुष्कळदा मूळचे चढाईपटू असतात. बचावाचा खरा भार राहतो दोन कोपऱ्यांवर आणि दोन मध्यरक्षकांवर. कोपऱ्याने घोटा धरायचा आणि मध्यरक्षकाने आडवे येऊन चढाईपटू व मध्यरेषा यांच्यामधली वाट बुजवायची, हा या भागीदारीचा मूळ करार. म्हणून पकडीचा गुण जमा होतो एकाच्या नावावर, पण ती पकड बहुधा दोघांची किंवा तिघांची असते. हे एवढे ध्यानात ठेवले, तर नव्या मुलाची पारख करताना होणाऱ्या अर्ध्या चुका टळतील.

कारण आपली पहिली चूक हीच, की आपण त्याच्या पकडी मोजतो. सराव-सामना संपला, की मंडळाचा कार्यकर्ता विचारतो, "किती धरले?" तीन धरले तर मुलगा तयार आणि एकही नाही धरला तर कच्चा, असा झटपट निवाडा होतो. ज्या सामन्यात मुलाने तीन पकडी केल्या, त्यात त्याच्यासमोर प्रतिपक्षाचा पहिल्या फळीचा चढाईपटू होता, की तोही असाच नवखा होता. त्या वेळी बाजूला अनुभवी मध्यरक्षक उभा होता काय. सामना बरोबरीत होता, की पंधरा गुणांच्या फरकाने केव्हाच निकाली निघाला होता. हे कुणी विचारीत नाही. मरगळलेल्या सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत दमलेल्या चढाईपटूला धरणे आणि बरोबरीच्या सामन्यात, ताज्या दमाच्या, डावखुऱ्या, उंच पायाच्या माणसाला धरणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत; वहीत मात्र दोहोंची नोंद सारखीच, एक गुण. नामांकित पकडपटूंच्याही पुष्कळशा पकडी फसतात, तेथे एकोणीस वर्षांच्या मुलाच्या एका संध्याकाळच्या आकड्यावर त्याचे वर्ष ठरवणे हे न्यायाला धरून नाही.

मग पाहावे काय? प्रथम पाहावी ती निष्फळ चढाई, म्हणजे ज्या चढाईत कुणी बाद झाले नाही, गुणफलक हलला नाही आणि प्रेक्षकांचे लक्ष चहाच्या टपरीकडे गेले, ती. मोठ्या स्पर्धांच्या आजच्या नियमांप्रमाणे लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत त्या संघाच्या चढाईपटूला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद ठरतो. याचा अर्थ पहिल्या दोन चढायांत ज्याने आपला पाय दिला नाही, बोनस घेऊ दिला नाही, उगाच झेप घेतली नाही, त्या कोपऱ्याने तिसऱ्या चढाईसाठी चढाईपटूला कोंडून ठेवले. तिसऱ्या चढाईत मध्यरक्षकाने धाव घेऊन धडक दिली, गडी लॉबीबाहेर गेला, टाळ्या मध्यरक्षकाला मिळाल्या. पण त्या गुणाचे निम्मे श्रेय कोपऱ्यावर गुमान उभ्या राहिलेल्या मुलाचे असते. मिठागराच्या बांधाची आठवण भरतीचे पाणी आत शिरेपर्यंत कुणाला होत नाही, तशी या मुलाची गत आहे. नव्या कोपऱ्याच्या नावापुढे निष्फळ गेलेल्या चढायांची नोंद स्वतंत्र रकान्यात ठेवणारे मंडळ माझ्या पाहण्यात अद्याप आलेले नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरे पाहावे ते पाय. एखाद्या सायंकाळी, चोपून, पाणी मारून तयार केलेल्या मैदानाच्या कोपऱ्याशी, अगदी अंतिम रेषेजवळ जाऊन उभे राहावे आणि चेंडूच्या खेळात जशी नजर चेंडूमागे धावते तशी ती चढाईपटूमागे न धाडता फक्त या एका मुलाच्या पावलांवर ठेवावी. चढाईपटू उजवीकडे गेला, की डाव्या कोपऱ्यावरचा कच्चा मुलगा सैल होतो, टाचा टेकतो, हात खाली सोडतो. तयार मुलगा त्याच वेळी अर्धे पाऊल आत येतो, आतल्या भिडूच्या हातातली साखळी ताणून धरतो आणि चढाईपटू वळताच पायावर पाय न आणता, आडव्या पावलांनी आपल्या जागी परततो. मग चढाईपटू त्याच्याकडे येतो. पुढचा पाय बोनस रेषेकडे सरकतो, मागचा पाय जमिनीवरून उचलला जातो, सारे वजन एका तळव्यावर येते. हाच तो क्षण. मुलगा खाली जातो, दोन्ही हात घोट्यामागे अडकवतो, डोके बाजूला ठेवतो आणि धरलेला पाय आपल्या छातीशी ओढून घेतो. आणि येथेच निरीक्षकाने मुलावरची नजर काढून मध्यरक्षकाकडे वळवावी: तो त्याच क्षणी निघाला, की पापणी लवेपर्यंत थबकला? थबकला असेल, तर चढाईपटू मुलाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेईल, हात टेकवील, मुलगा बाद होईल, आणि वहीत त्याच्या नावावर एक फसलेली पकड चढेल, जिच्यात त्याचा दोष काडीचाही नव्हता. उलटपक्षी, पकड चुकीच्या क्षणी, चढाईपटूचे दोन्ही पाय जमिनीवर असताना, केवळ उतावळेपणाने केली गेली, आणि मध्यरक्षकाच्या चपळाईने ती तगली, तर वहीत यश दिसेल आणि दोष झाकला जाईल. अशी झाकलेली पकड नव्या मुलाला फसलेल्या पकडीपेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिच्यातून तो चुकीचा धडा घेतो.

तिसरी गोष्ट पाहावी ती चुकीनंतरची. नव्या मुलाची पहिली पकड फसली, तो बाद होऊन बाकावर बसला, तीन-चार मिनिटांनी जिवंत होऊन मैदानात आला. आता पुढच्या पाच-सहा चढायांत तो काय करतो? काही मुले लागलीच फेड करू पाहतात आणि पहिल्याच चढाईत पुन्हा झेपावतात. काही मुले अंतिम रेषेला इतकी चिकटतात, की चढाईपटूला बोनस फुकटात मिळतो. क्वचित एखादा मुलगा पूर्वीच्याच अंतरावर, पूर्वीच्याच पावलांनी उभा राहतो, मध्यरक्षकाला मोठ्याने हाक देऊन सांगतो, की गडी डावीकडे येतोय, आणि वाट पाहतो. हा मुलगा ठेवावा. त्याच्या हाताची पकड सैल असेल, अंगात ताकद कमी असेल, तर ती एका वर्षाच्या तालमीने येईल. हे धैर्य तालमीने क्वचितच येते.

या सर्व विवेचनाला मोठ्या मैदानावरचा दाखला हवा असेल, तर तो मुंबईतच आहे. २६ जुलै २०१४ रोजी वरळीला प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हापासून पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुंबा संघाने अंतिम सामना गाठला; २०१५ साली बेंगळुरू बुल्सला ३६–३० असे हरवून विजेतेपदही मिळवले. डाव्या कोपऱ्यावर सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यावर मोहित चिल्लर, आणि आत जीवा कुमार व आपला मुंबईकर विशाल माने, ही चौकडी त्या विजयाच्या वेळी अशी एकजीव झाली होती, की समोरचा चढाईपटू एका कोपऱ्याकडे वळला, की दुसऱ्या बाजूचा मध्यरक्षक आपोआप अर्धे पाऊल सरकत असे. २०१६च्या चौथ्या हंगामापूर्वी ही चौकडी फुटली. दोन्ही कोपरे बेंगळुरूने उचलले. मोहित चिल्लरसाठी ५३ लाख रुपये मोजले गेले आणि त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली ठरली. त्या हंगामात मुंबईचा संघ उपांत्य फेरीही गाठू शकला नाही. आणि लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की देशातील दोन सर्वोत्तम कोपरे एकत्र विकत घेऊनही बेंगळुरूचा संघही उपांत्य फेरीत पोचला नाही. एकाच बाबीवर हार-जीत ठरत नाही, हे मला मान्य आहे. तरीही कोपरा मध्यरक्षकापासून वेगळा काढून तोलता येत नाही, हे यातून मला पुरेसे स्पष्ट दिसते. ज्याला नवा कोपरा पारखायचा आहे, त्याने तो ज्याच्या शेजारी खेळणार, त्याच्याच शेजारी उभा करून पारखला पाहिजे. आपल्याकडे मात्र शिरस्ता असा, की सराव-सामन्यात पहिली फळी एकीकडे आणि सगळी नवी मुले दुसरीकडे. म्हणजे नव्या कोपऱ्याशेजारी नवाच मध्यरक्षक, आणि दोघांची परीक्षा एकमेकांच्या चुकांनी बिघडलेली.

ही अडचण एकट्या कबड्डीची नाही. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, त्यात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या पुढे पाच धिप्पाड गडी रांगेने उभे असतात. त्यांचे काम एवढेच, की समोरून येणारा हल्ला अंगावर घ्यायचा आणि मागच्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत; ते दिसतात ते चुकल्यावरच. तेथील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामापूर्वीच्या शिबिरात सुमारे ९० खेळाडू गोळा करतो आणि प्रत्यक्ष हंगामासाठी ५३ ठेवतो. ही छाटणी होते ती २०२१पासून तीनवर आलेल्या सराव-सामन्यांच्या आणि शिबिरातल्या नोंदींच्या आधारावर. २०१८ साली फिलाडेल्फिया ईगल्स संघाने निवडीच्या अगदी शेवटच्या, सातव्या फेरीत जॉर्डन मायलाटा नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण घेतला. तो रग्बी लीग खेळत असे. अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना त्याने तोवर खेळलेला नव्हता. पहिली दोन वर्षे त्याला हंगामातील एकाही अधिकृत सामन्यात उतरता आले नाही, पाठीच्या दुखण्यानेही त्याला गाठले. तरी संघाने त्याला काढून न टाकता शिकवले. २०२० साली त्याच्या पुढचे दोन खेळाडू एकामागून एक जायबंदी झाले, त्याला रांगेच्या डाव्या टोकाला उभे करावे लागले, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्या संघाने अजिंक्यपद जिंकले तेव्हा डावे टोक त्याच्याच ताब्यात होते. सराव-सामन्यांच्या आकड्यावर निर्णय झाला असता, तर तो पहिल्याच वर्षी परतीच्या विमानात बसला असता.

ही हकीकत मी सांगतो ती राखीव फळीच्या प्रश्नाकडे वळण्यासाठी. मातब्बर संघांचेही हंगाम बुडतात ते बहुधा पहिल्या फळीच्या कमकुवतपणामुळे नव्हे, दुसऱ्या फळीची तजवीज न केल्यामुळे. आणि कबड्डीत ही तजवीज दोन प्रकारची असावी लागते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पहिला प्रकार दुखापतीचा. कोपऱ्यावरच्या भिडूचे गुडघे, खांदे आणि बोटे ही कायम पणाला लागलेली असतात. एक कोपरा बसला, की कारभारी दुसऱ्या बाजूचा गडी उचलून त्या जागी टाकतात. पण डाव्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मुलाचा कोणता पाय पुढे, कोणता हात साखळीत आणि कोणता मोकळा, हे सारे ठरून गेलेले असते. उजव्या कोपऱ्यावर त्याला हीच कवायत उलटी करावी लागते आणि ऐन क्षणी अंग जुन्या सवयीकडे धावते. म्हणून राखीवांत निदान एक मुलगा दोन्ही कोपऱ्यांवर घडवलेला असावा, आणि एक मध्यरक्षक असा असावा, की ज्याला गरज पडल्यास कोपऱ्यावर सरकता येईल. ही घडण पावसाळ्यातच व्हायला हवी. उपउपांत्य सामन्याच्या मध्यंतरात ती होत नाही.

दुसरा प्रकार खुद्द सामन्याच्या आतला आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येत नाही, आणि बाद झालेले ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात. सबब सातही जण आपापल्या जागी उभे आहेत, असा काळ चुरशीच्या सामन्यात थोडाच असतो. कधी पाच, कधी चार, कधी तीन. आणि तेही कोणते तीन, हे आपल्या हाती नसते. तिघे किंवा कमी उरले असताना केलेली पकड अव्वल पकड ठरून एक गुण जादा देते, म्हणून तीन जणांच्या फळीला लढण्याचे बळ तरी असते. माझ्या मते सर्वांत बिकट अवस्था चौघांची, कारण जादा गुणाचे आमिष नाही आणि मैदान झाकायला माणसे पुरेशी नाहीत. सारा संघ बाद होऊन लोण बसण्याचे संकट उभे राहते ते येथून. नव्या कोपऱ्याची परीक्षा सात जणांच्या भरल्या फळीत घेऊन भागत नाही. चौघांत त्याला मुद्दाम उभे करावे, शेजारचा मध्यरक्षक काढून घ्यावा, त्याच्याऐवजी एखादा चढाईपटू द्यावा, आणि मग पाहावे, की तो आपली जागा सोडून मध्ये धावतो काय. तरुण बचावावर भिस्त ठेवता येते, हे मोठ्या मैदानावरही दिसले आहे: पुण्याच्या पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघाचा कर्णधार होता तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातला तरुण अस्लम इनामदार, आणि डाव्या कोपऱ्यावर इराणचा मोहम्मदरेझा शादलू असला, तरी त्याच्याभोवती संकेत सावंत, अबिनेश नटराजन, गौरव खत्री अशी तरुण फळी होती. अवघ्या तीन गुणांच्या फरकाने सुटलेला तो सामना पाठीराख्यांनी पुन्हा पाहावा असे मला वाटते, तो बचावासाठी.

आपल्या गावच्या मैदानांबाबत आणखी एक बाब सांगणे प्राप्त आहे. आमची मुले लहानपणापासून मातीवर, अनवाणी खेळतात. जिल्ह्याची निवड झाली, की त्यांना मॅटवर, बूट घालून उतरावे लागते. मॅटवर चढाईपटू झपकन वळतो, त्याचा पाय मातीसारखा घसरत नाही. मातीवर बिनचूक वेळ साधणारा कोपरा मॅटवर पहिले काही दिवस हमखास उशिरा पोचतो. हा उशीर म्हणजे मंदपणा नव्हे. ज्या मुलाला मॅट पहिल्यांदाच पायाखाली मिळाली आहे, त्याच्याबद्दल त्याच संध्याकाळी अभिप्राय देणाऱ्याने तो अभिप्राय दोन आठवडे स्वतःजवळच ठेवावा. शहर वाढत गेले, तशी मोकळी मैदाने आक्रसली. दिवसभर नोकरी करून, गाडीच्या गर्दीतून उतरून, रात्री दिव्यांच्या उजेडात सराव करणाऱ्या मुलाला स्वतःची मॅट मिळणे ही अपूर्वाई आहे, आणि महापालिकेने प्रभागागणिक निदान एक मॅट व तिच्यापुरती छपराखालची जागा करून द्यावी, ही मागणी मी या निमित्ताने आग्रहाने नोंदवतो.

कारण येथे प्रश्न एका ढालीचा किंवा चषकाचा नाही. रेल्वे, पोलीस, बँका, पेट्रोलियम कंपन्या यांच्या संघांतून कबड्डीपटूंना नोकऱ्या मिळत आल्या आहेत, आणि गावठाणातल्या कित्येक घरांत पहिली कायमची नोकरी खेळाच्या जोरावर आलेली आहे. त्या दारापर्यंत जाण्यासाठी आधी मंडळाचा संघ, मग जिल्हा, मग राज्य, अशी चढण असते. आणि पहिल्याच पायरीवर, दोन सराव-सामन्यांच्या अर्धवट पुराव्यावर, एखाद्या शांत स्वभावाच्या कोपऱ्याला "धरत नाही" म्हणून बाजूला केले, तर त्याच्यापुरती पुढची सगळी चढण बंद होते. चढाईपटूला दुसरी संधी देणारे पुष्कळ असतात, कारण त्याने काय केले ते सर्वांनी पाहिलेले असते. कोपऱ्याने काय केले ते पाहणारा बहुधा एकही नसतो.

१५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, आणि तो बरोबर सरावाच्या दिवसांत येतो. मीरा-भाईंदरच्या आणि खाडीपलीकडच्याही मंडळांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती अशी, की पुढल्या वर्षी त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर एक नवी नोंदवही उघडावी. तीत प्रत्येक नव्या पकडपटूचे पान निराळे ठेवावे, त्याच्यासमोर कोण होता, शेजारी कोण होता, मैदानात किती जण उरले होते आणि किती चढाया त्याच्या बाजूने कोऱ्या परत गेल्या, हे रोजच्या रोज लिहावे. हंगामापूर्वी त्याला निदान दोन सामन्यांचा एकेक पूर्ण डाव आपल्या सर्वोत्तम मध्यरक्षकाशेजारी आणि प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम चढाईपटूसमोर खेळू द्यावा. आणि संघ जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी ते पान त्या मुलाच्या हाती द्यावे.